पदार्थांना त्यांच्या नावाने हाक मारणारा हकीम : अबू बक्र राझी

वाचकहो, आपल्या घरात आणि बाजारात रोज वावरणाऱ्या काही वस्तूंची नावे प्रथम आठवून पाहा. दाढीनंतर न्हावी गालावरून फिरवितो ती तुरटी. तापलेल्या तांब्याच्या भांड्यात कल्हईवाला टाकतो आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो, तो नवसागर. द्राक्षाच्या बागेवर फवारण्यासाठी चुन्यात कालवतात ते मोरचूद. पूर्वी काळ्या शाईसाठी वापरला जाणारा हिराकस. सोनाराच्या पेटीतील टाकणखार. आपली मुले शाळेत याच वस्तूंना लांबलचक शास्त्रीय नावांनी ओळखतात आणि ती नावे पाठ करताना कंटाळतात. या वस्तूंपैकी बहुतेकांना हाताळून, जाळून, विरघळवून, त्यांचे वर्ग पाडून, साध्या भाषेत त्यांची ओळख लिहून ठेवणारा एक हकीम अकराशे वर्षांपूर्वी इराणात होऊन गेला. त्याचे पूर्ण नाव अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी.

येथे एक खुलासा आधीच केलेला बरा. राझी म्हणजे रय या शहराचा रहिवासी. त्या शहराने अनेक राझी दिले. आपल्या घरांतून ज्यांच्या कुरआन भाष्याचा उल्लेख आदराने होतो ते इमाम फख्रुद्दीन राझी हे निराळे. ते या हकीमांनंतर सुमारे तीन शतकांनी झाले. व्याख्यानांतून या दोघांची सरमिसळ पुष्कळदा होते, आणि एकाचे श्रेय किंवा दोष दुसऱ्याच्या पदरी पडतो.

हकीम राझींचा जन्म हिजरी २५१ च्या शाबान महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे इ.स. ८६५ मध्ये झाला. रय हे शहर आजच्या तेहरानच्या दक्षिणेला लागून होते. खुरासानकडून बगदादकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता तेथून जात असे. तारुण्यात त्यांना ऊद वाजविण्याचा नाद होता आणि काही काळ त्यांनी सराफी केली, असे चरित्रकार सांगतात. सराफाचा धंदा म्हणजे नाण्यातील खरे सोने किती आणि मिसळ किती हे ओळखण्याचा धंदा. नाण्यावर छाप एक आणि आत धातू दुसरा, असे किती वेळा त्यांच्या हातून गेले असेल याची कल्पना आपण करू शकता. वैद्यकाकडे ते तुलनेने उशिरा, तिशी ओलांडल्यावर वळले. पुढे रयच्या आणि मग बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले.

त्यांच्या दवाखान्याची पद्धत इब्न नदीम यांनी आपल्या ग्रंथसूचीत नोंदविली आहे. हकीमसाहेब मध्यभागी बसत. त्यांच्यापुढे शिष्यांची एक रांग, तिच्यापुढे त्या शिष्यांच्या शिष्यांची दुसरी आणि आणखी पुढे तिसरी. आलेला रोगी प्रथम सर्वांत बाहेरच्या रांगेला आपले दुखणे सांगे. तेथे उलगडा झाला नाही तर तो आतल्या रांगेकडे जाई, आणि तेथेही कोणाला कळले नाही तर स्वतः राझी बोलत. गरिबांशी ते अतिशय दयाळूपणे वागत, त्यांच्याकडून काही न घेता उपचार करीत आणि वर त्यांना खर्चासाठी रक्कमही देत. ज्यांच्या गावी वैद्य नाही अशांसाठी सहज मिळणाऱ्या वस्तूंचे उपचार सांगणारे एक स्वतंत्र पुस्तकच त्यांनी लिहिले.

आपण एक गोष्ट ऐकली असेल. बगदादमध्ये रुग्णालयाची जागा निवडण्यासाठी राझींनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले, आणि जेथे मांस सर्वांत उशिरा सडले ती जागा निवडली. गोष्ट सुंदर आहे. पण ती ज्या अदुदी रुग्णालयाविषयी सांगितली जाते ते राझींच्या निधनानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी उभे राहिले, आणि ही विसंगती खुद्द जुन्या मुस्लिम चरित्रकार इब्न अबी उसैबिया यांच्या लक्षात आली होती. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगू नये असे मी म्हणणार नाही. मात्र ती आख्यायिका म्हणून सांगावी.

राझींच्या सर्व कामात एक समान सूत्र दिसते. एकाच नावाखाली दडलेल्या दोन गोष्टी ते वेगळ्या करीत. देवी आणि गोवर यांवरील त्यांची छोटी पुस्तिका जगभर गाजली ती याच कारणाने. दोन्ही आजारांत ताप येतो, दोन्हींत अंगावर पुरळ उठते. सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्ही एकच. राझींनी रोग्याच्या खाटेशी बसून लक्षणे टिपली. देवीत पाठदुखी अधिक, गोवरात मळमळ आणि जिवाची घालमेल अधिक, असे बारकावे त्यांनी लिहिले. फरक ओळखण्याची ही सवय घेऊन ते रसायनाच्या भट्टीपाशी आले, आणि आपला आजचा मुख्य विषय तेथे सुरू होतो.

त्या काळी किमया हे गुपितांचे शास्त्र होते. किमयागार आपल्या पुस्तकांत पदार्थांची खरी नावे लिहीत नसत. पारा चंचल, हातातून निसटणारा, म्हणून त्याला पळपुटा गुलाम म्हणावे. नवसागर तापविला की वर उडून जातो म्हणून त्याला गरुड म्हणावे. गंधकाला नवरी म्हणावे. एकाच पदार्थाला दहा टोपणनावे आणि एकाच टोपणनावाचे चार अर्थ. वाचणारा गोंधळला की दोष त्याच्या अपात्रतेचा, लिहिणाऱ्याच्या लबाडीचा नव्हे! अशा अंधारात भोंदूंचे चांगलेच फावे. पितळेला पिवळा मुलामा देऊन सोने म्हणून खपविणारे कमी नव्हते. किमयेच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीवर पुढे इब्न तैमिया आणि इब्न खलदून यांनी कठोर टीका केली ती याच कारणाने.

राझींनी दोन पुस्तके अशी लिहिली की त्यांत हा अंधार बराचसा दूर झाला. एकाचे नाव अल्-मदखल अत्-तालीमी, म्हणजे शिकणाऱ्यासाठी प्रवेशद्वार. आजच्या भाषेत त्याला प्राथमिक रसायनशास्त्र म्हणता येईल. दुसरे किताबुल असरार. नाव रहस्यांचे, पण आत पाहावे तर सारे उघड! आधी पदार्थ, मग उपकरणे, मग कृती असा सरळ क्रम. उपकरणांत मूस, भाता, चिमटा, अर्क काढण्याचे भांडे. त्यांतील एका भांड्याचे नाव करआ, म्हणजे चक्क दुधी भोपळा, कारण त्याचा आकार तसा. पदार्थ प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज असे त्यांनी विभागले, आणि खनिजांचे सहा वर्ग केले. तापविल्यावर उडून जाणारे ते रूह, त्यांत पारा, नवसागर, गंधक आणि हरताळ-मनशीळ. वितळणारे ते जसद, म्हणजे धातू. मग दगड, मग जाज, मग बौरक आणि शेवटी मीठ. प्रत्येक वर्गात कोणते प्रकार आहेत, दिसतात कसे, हे त्यांनी लिहिले. या वर्गीकरणात पदार्थाचे ग्रह-नक्षत्र कोणते, त्यात गूढ अर्थ काय, याला स्थान नाही. अग्नीत टाकल्यावर तो काय करतो, ही एकच साक्ष ग्राह्य.

मदखलचा एक धागा आपल्या देशाशीही जुळलेला आहे. रामपूरच्या ग्रंथसंग्रहातील हस्तलिखिताच्या आधारे स्टेपलटन, अझो आणि हिदायत हुसैन या तिघा अभ्यासकांनी त्याचा अभ्यास केला आणि १९२७ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तो प्रसिद्ध केला. राझींच्या रसायनाची ओळख आधुनिक जगाला जी झाली तिच्यात या प्रकाशनाचा वाटा मोठा आहे.

आता जाज या वर्गापाशी थोडे थांबा, कारण मुलांना अवघड वाटणारा धडा येथेच आहे. राझींनी जाजचे प्रकार रंगांवरून ओळखले : पांढरा तो कल्कदीस, हिरवा कल्कंद, पिवळा कल्कतार, तांबडा सूरी, याच कुळात त्यांनी तुरटीही ठेवली. यातील हिरवा म्हणजे आपला हिराकस. घरच्या चुलीवर नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हिराकसाचे हिरवे खडे परीक्षानळीत तापविले तर नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि खडे पांढुरके पडतात. आणखी तापविले तर उग्र वास सुटतो आणि तळाशी तांबूस भुकटी राहते. कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या खड्यातून पाणी आले कोठून? ते त्याच्या घडणीतच बसलेले होते. पाठ्यपुस्तकात याला स्फटिकजल म्हणतात. हिराकसाच्या एका घटकामागे पाण्याचे ७ रेणू, मोरचुदात ५, धुण्याच्या सोड्यात १०, तुरटीत १२.

म्हणून शास्त्रीय नावात पाण्याची संख्या सांगितली जाते. मोरचुदाचे पूर्ण नाव कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. पेंटा म्हणजे पाच, हायड्रेट म्हणजे पाणी धरून बसलेला. मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्झा, हेप्टा या ग्रीक संख्या एकदा लक्षात ठेवल्या की हायड्रेटची नावे पाठ करावी लागत नाहीत, ती वाचता येतात. आणि ही संख्या शोभेची नाही. मोरचुदाच्या वजनातील सुमारे ३६ टक्के पाणी असते, हिराकसात सुमारे ४५ टक्के, धुण्याच्या सोड्याच्या ताज्या स्फटिकांत तर सुमारे ६३ टक्के. शंभर किलो सोडा घेणारा त्रेसष्ट किलो पाणी घेत असतो! ते त्याला नावातच सांगितलेले असेल तर फसवणूक नाही. धान्याच्या ढिगात वरचे कोरडे आणि आतले भिजलेले दडवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात जी समज दिली, ती आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. नावाने आतले पाणी लपवू नये, ही अपेक्षा रसायनशास्त्राचीही आहे.

आम्लारीचा धडाही राझींच्या भट्टीतून जातो. वाळवंटी क्षारयुक्त जमिनीत वाढणारी उश्नान नावाची झुडपे जाळून जी राख मिळे तिला अरबीत किली म्हणत. अल् हा उपपद जोडून अल्-किली. युरोपात तिचे अल्कली झाले, आणि आपल्या मराठी पाठ्यपुस्तकात पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क म्हणतात तो शब्द तेथूनच फिरून आला. पोटॅशियमची खूण के ही त्याच्या लॅटिन नावावरून, कॅलियमवरून. ते नावही किलीचेच. सोडियमच्या नेट्रियम या नावात नतरून आहे, जो राझींनी बौरक वर्गात ठेवला होता. बौरक म्हणजेच बोरॅक्स, आपला टाकणखार. (कल्हई हा शब्द मात्र कली किंवा किलीचा नव्हे, तो कथिलाच्या कलई या अरबी नावाचा आहे. उच्चार जवळचे म्हणून गल्लत नको.) राझी किली आणि कळीचा चुना पाण्यात उकळून, पुनःपुन्हा गाळून, एक तीक्ष्ण पाणी तयार करीत. आज आपण त्याला कॉस्टिक सोड्याचे द्रावण म्हणू. पुस्तकात घटक, प्रमाण, किती आटवायचे हे सारे दिलेले. वाचणाऱ्याने करून पाहावे.

आणि आम्ले? येथे वाचकांनी सावध राहावे अशी माझी विनंती आहे. गंधकाम्लाचा शोध राझींनी लावला, असे आपल्या सभांतून व फलकांवरून सर्रास सांगितले जाते. राझींच्या वर्गीकरणात खनिज आम्लांचा वर्ग नाही. त्यांना माहीत असलेली आंबट द्रव्ये म्हणजे सिरका आणि फळांचे रस. जाज आणि नवसागर एकत्र तापविण्याच्या त्यांच्या काही कृतींत आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा उठल्या असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. पण तीव्र आम्ले बनविण्याच्या स्पष्ट कृती पुढच्या शतकांतील ग्रंथांत येतात. गंधकाम्लाला युरोपात दीर्घकाळ जाजचे तेल अशा अर्थाचे नाव होते, कारण ते हिराकस तापवूनच काढत. पाया त्या कुळातील कामाचा, कळस इतरांचा. आपल्या माणसाचे नसलेले श्रेय त्याला देणे ही त्याची सेवा होत नाही. ज्याने आयुष्यभर खरे-खोटे पारखले त्याच्या नावावर तर मुळीच नाही.

घटकांवरून नाव ठेवण्याची आजची पद्धत फ्रान्समध्ये १७८७ साली लाव्हाझिए आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी मांडली. ऑक्सिजन अधिक असलेल्या आम्लाला इक, कमी असलेल्याला अस : सल्फ्युरिक आणि सल्फ्युरस, नायट्रिक आणि नायट्रस. आम्लारींची नावे त्याहून सोपी : धातूचे नाव, पुढे हायड्रॉक्साइड. लाव्हाझिएंचा समज होता की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. ऑक्सिजन या नावाचा अर्थही आम्ल निर्माण करणारा. पुढे डेव्ही यांनी मिठापासून काढलेल्या आम्लात ऑक्सिजन नाही हे दाखविले, म्हणून त्याच्या नावात हायड्रो हा उपसर्ग आहे : हायड्रोक्लोरिक. समज चुकला तरी पद्धत टिकली, कारण नाव आणि आतला माल यांचा मेळ घालणे हा तिचा हेतू होता.

राझींचेही समज चुकले. हलक्या धातूचे सोने करता येते यावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या आधीचे तत्त्वज्ञ किंदी यांनी ते अशक्य म्हटले, तर राझींनी किंदींच्या खंडनार्थ पुस्तक लिहिले. आज आपण जाणतो की या वादात किंदी बरोबर होते. किमयेचा प्रयोग फसला म्हणून अमीर मन्सूरने राझींचेच पुस्तक त्यांच्या डोक्यात हाणले आणि त्यामुळे त्यांची दृष्टी गेली, अशीही एक कथा आहे. तिला आधार नाही.

याहून गंभीर प्रश्न त्यांच्या श्रद्धेचा आहे, आणि इस्लामी शिकवणुकीच्या मासिकात तो टाळणे योग्य होणार नाही. प्रेषितत्वाविषयी राझींची मते इस्लामच्या मूलभूत श्रद्धेविरुद्ध होती, असा आरोप त्यांच्याच शहरातील इस्माइली प्रचारक अबू हातिम राझी यांनी केला. ज्या पुस्तकांवर हा आरोप आहे ती आज उपलब्ध नाहीत. त्यांतील मजकूर मुख्यतः विरोधकांच्या लेखनातून पोहोचतो, आणि आजचे संशोधक त्याच्या अर्थाविषयी एकमत नाहीत. प्रेषितत्वावरील इमान हा आपल्या धर्माचा स्तंभ आहे; त्यात तडजोड नाही. मग अशा माणसाकडून शिकावे की नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर अल्-बिरूनी यांनी हिजरी ४२७ मध्ये कृतीने दिले. त्यांना राझींची धर्मविषयक मते पटत नव्हती आणि ते त्यांनी स्पष्ट लिहिले. तरीही कोणीतरी राझींच्या ग्रंथांची यादी मागितली तेव्हा त्यांनी १८४ ग्रंथांची नावे विषयवार लावून दिली. जन्म आणि मृत्यूच्या तारखा आज आपल्याला ठाऊक आहेत त्या याच पुस्तिकेमुळे. जेथे दोष वाटला तेथे दोष म्हटले, जेथे काम होते तेथे कामाची नोंद केली, आणि एकामुळे दुसरे पुसले नाही. ह. आदम (अ.) यांना अल्लाहने वस्तूंची नावे शिकविली, हे सूरह अल्-बकरामध्ये आपण वाचतो. बिरूनींची ती पुस्तिका वाचताना मला नेहमी वाटते की माणसांनाही त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणे हे त्याच शिक्षणाचा भाग असावे.

अखेरच्या वर्षांत राझींची दृष्टी गेली. अखंड लिहिण्या-वाचण्याने डोळे क्षीण झाले आणि हाताचे स्नायूही थकले, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे; तेव्हा ते दुसऱ्यांकडून वाचून घेत आणि लिहून घेत. तबरिस्तानहून एक शिष्य डोळ्यांवर उपचार करण्यासाठी आला. मृत्यू जवळ आल्याने आता त्याचा उपयोग नाही असे सांगून त्यांनी त्याला परत पाठविले. हिजरी ३१३ च्या शाबानच्या ५ तारखेस, इ.स. ९२५ मध्ये, रय येथेच त्यांचे निधन झाले. चांद्र वर्षांनी वय ६२.

त्यांच्या घरी टिपणांचे ढीग होते. ते त्यांच्या बहिणीकडे राहिले. बुवैही राज्याचे वजीर इब्नुल अमीद यांनी तिला मोठी रक्कम देऊन ते विकत घेतले, राझींच्या शिष्यांना एकत्र बसविले आणि त्यांच्याकडून ते लावून घेतले. अशा रीतीने अल्-हावी हा वैद्यकाचा प्रचंड ग्रंथ तयार झाला. १२७९ मध्ये सिसिलीत फरज बिन सालिम या यहुदी वैद्याने त्याचा लॅटिन अनुवाद पूर्ण केला. ग्रंथात प्रत्येक रोगाखाली ग्रीक, सुरियानी, भारतीय, अरब अशा पूर्वीच्या वैद्यांची मते आहेत आणि मत ज्याचे त्याचे नाव त्यापुढे लिहिलेले आहे. जेथे राझी स्वतःच्या अनुभवाने काही सांगतात तेथे त्यांनी एकच लहानसा अरबी शब्द लिहून ठेवला आहे : ली, म्हणजे माझे.